उज्ज्वलाताईंच्या मापाचं पिस्तूल

बाईचे हात मोठे असले म्हणून काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. पिंपरीतल्या कासाराला विचारा. उज्ज्वलाताई, म्हणजे चाकणला आमच्या टूलरूममधल्या फिटर, बांगड्या भरायला बसल्या की तो आधी साबण मागवतो. मग हात असा दाबतो, की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

तर कंपनीच्या नेमबाजीच्या टीममध्ये एक बाई कमी पडत होती, म्हणून मी ताईंना काळेवाडीच्या क्लबात नेलं. तिथल्या सरांनी काही न विचारता लहान मुठीचं छऱ्याचं पिस्तूल पुढं केलं.

"लेडीजना हेच बसतं."

ताईंची दोनच बोटं बसली. मग मधली मूठ लावून झाली, मोठीही झाली. तीसुद्धा तळव्यात रुतत होती.

"राहू द्या मॅडम, तुमच्या मापाचं नाही आमच्याकडं."

ताई म्हणाल्या, "कानस आहे का?"

मूठ लाकडाची, ती नेमबाज घासूनच घेतात, म्हणून सरांनी कानस दिली. ताईंनी पिशवीतून फिटरचा निळा रंग काढला, तळव्याला फासला आणि मूठ आवळली. लाकडावर जिथं निळं उठलं, तेवढंच घासलं. परत निळं, परत कानस. आम्ही टूलरूममध्ये डायचे दोन भाग असेच एकमेकांत बसवतो राव.

मग पाच छऱ्यांपैकी चार निशाणाच्या काळ्या गोलात गेले.

सर खूश झाले, पण मूठ बघून म्हणाले, "मॅडम, आता ही दुसऱ्या कुणाच्या हाताला बसायची नाही."

ताई निळा हात पुसत म्हणाल्या, "साबण लावून बघा की सर. आमचा कासार तेच करतो."