मंगल ताट का फेकायची

मी मूळची पालमकडची, आमचं घर मेंढरंवाल्यांचं, शाळा चौथीपर्यंत, त्याच्यापुढं मेंढरांमागं, आन लग्न होऊन परभणीत आले ती इथलीच झाले. आता या वसतिगृहात मावशी हाय. ज्यांची समज वयाबरोबर वाढली न्हाई अशा मोठ्या पोरी इथं राहतात, त्यांची आंघोळ, वेणी, जेवण आमी बघतो. काय सांगू तुमाला, सुरवातीला वाटायचं ह्या मुद्दाम त्रास देतात. आता वाटतं, ह्या काहीतरी सांगायल्यात, आपल्यालाच कळंना.

मंगलचंच घ्या. तिशीतली हाय, बोलता येत न्हाई. आई वारली तवा भावानं सेलूकडून आणून सोडली. दिवसभर चांगली राहायची, पण जेवायला बसवलं की ताट फेकायची, डाळ भिंतीवर, आन बळंच घास द्यायला गेलं की चावायची. सैपाकवाली कमलबाई म्हणायची, माज हाय, एक दिवस उपाशी ठेवा, सरळ होईल. मी म्हणायची, न्हाई, हिला भूक धरवत न्हाई, आमच्याकडं अशक्त कोकरू आधी पाजतात, हिलाबी आधी वाढा. तर आधी वाढलं की आणखीच फेकायली. वसतिगृहाच्या मॅडम म्हणल्या, मावशी, असंच चाललं तर भावाला हिला न्यायला बोलवावं लागंल. भाऊ-भावजय रोजानं कामाला जातात, म्हणजे पोरगी दिवसभर कडी लावून आत. ते डोळ्यापुढं आलं की मला अन्न गोड लागंना.

मग एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाची पंगत होती, पाहुण्यांच्या गडबडीत मंगलला वाढायचंच राहिलं. मी पळत गेले, तर ही भिंतीला टेकून निवांत, सगळ्यांची ताटं बघायली. मला लय नवल वाटलं. मी म्हणलं, हिला शेवटी जेवायचंय. कमलबाई हसली, म्हणली, जुन्या वळणाची सून दिसती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मागून वाढलं, आन ताट परत भिंतीवर. कमलबाई म्हणली, घ्या, लागला तुमचा शोध.

पण मॅडमनी भावाला फोन लावला, बोलवायला न्हाई, इचारायला, घरी ही जेवायची कशी. भाऊ म्हणला, आमी जेवून उठलो की आई आन ती चुलीपाशी बसायच्या, एकाच ताटात.

मग काय, मी एका ताटात दोघींचं वाढून घेतलं आन बसले तिच्यापुढं. तिनं हात लावला न्हाई, फेकलंबी न्हाई, नुसती बघत राहिली. मी घास घेतला, तवा तिनं घेतला. तवापासून रोज तसंच. अजून कधीमधी फेकती, मग आमी परत डोकं लावतो, दात दुखायला का, पोट दुखायलं का, काय की. पण भावाला बोलवायची गोष्ट मॅडमनी परत काढली न्हाई.

आता माझ्या मनात येतं, मी आजारी पडले तर? म्हणून कमलबाईला तिच्यापुढं बसवायले. तिला सांगितलं, तू आधी घास घे, मग ती खाती. कमलबाई म्हणती, पोरगी उपाशी बघत असताना माझ्या घशाखाली कसा उतरंल ओ? आन मंगलबी हात लावंना. आता बी आत दोघी बसल्यात, एकमेकींच्या तोंडाकडं बघत, ताट मधी. मी मुद्दाम बाहेर थांबले. बघू कोण आधी घास घेती. दोघींच्याबी पोटात पडो.