नऊ नंबरचा पंखा

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, अर्थशास्त्र विभागातले प्राध्यापक, विद्यार्थी-विद्यार्थिनी, आणि जिला निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत ती माझी मैत्रीण,

तेहेतीस वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी आम्ही दोघी मी राहते त्या इमारतीच्या जिन्यात बसून एक संत्रं सोलून खात होतो. तिच्या पायाशी दोन पिशव्या होत्या आणि पिशव्यांत चौदा यंत्रं, प्रत्येक साबणाच्या डबीएवढं. मी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "पीएच.डी." आणि तिने बी थुंकली. आज तिच्या नावापुढे इतक्या पदव्या लागल्या, पण मला ती अजून बी थुंकतानाच दिसते. रागावू नकोस गं.

कॉन्व्हेंट शाळेत तिला आम्ही 'फूटपट्टी' म्हणायचो, कारण ती बाकावरची आपली जागा मोजून घ्यायची. सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी स्वर्गात गेली तर आधी तिथल्या खोल्या मोजेल.

तिचं संशोधन माझ्या आधीच्या तिघा वक्त्यांनी समजावून सांगितलं आहे, तरी माझ्या भाषेत सांगते. वीज किती लागते हे सगळे घरागणिक मोजत होते. तिने विचारलं, घरात ती कोणाला मिळते? आमच्या इमारतीतल्या चौदा घरांत तिने ती यंत्रं बसवली. दर तासाला किती वीज लागली, ते यंत्र कागदाच्या पट्टीवर रेघेने दाखवायचं. उन्हाळ्याचे तीन महिने हे चाललं. त्यातून निघालं की दुपारी बारा ते चार, बाई घरात एकटी असते तेव्हा, रेघ जवळजवळ आडवी पडते. संध्याकाळी पुरुष घरी आला की ती चढते. म्हणजे बाई स्वतःसाठी पंखासुद्धा लावत नाही, उकाड्यात बसून राहते. ती आडवी रेघ पुढे पुस्तकांत गेली, सरकारी समित्यांपुढे गेली, आणि आज या व्यासपीठामागच्या पडद्यावर आहे. बघा, छान काढली आहे.

ती रेघ आमची आहे. तीन नंबरवालीची, पाच नंबरवालीची, आणि सहा नंबर म्हणजे माझी.

गेल्या आठवड्यात, मला काही बोलता यावं म्हणून, विभागाने तो मूळ निबंध घरी पाठवला. सिस्टरांच्या कृपेने इंग्रजी वाचता येतं, म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाचला. एका तळटीपेपाशी मी थबकले. तिथे लिहिलं होतं की नऊ नंबरच्या घरातलं यंत्र दुपारी, एका माणसाच्या घरात अशक्य वाटेल इतका वापर दाखवत होतं, म्हणून ते नादुरुस्त समजून वगळलं आहे.

अहो, ते नादुरुस्त नव्हतं.

नऊ नंबरमध्ये एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. एकट्या. त्यांना आम्ही टीचर म्हणायचो. दुपारी हातातली कामं आटोपली की आम्ही एकेक जण घराला कुलूप लावून त्यांच्याकडे जायचो. अकरा जणी. छताचा पंखा आणि कोपऱ्यातला फिरता पंखा, दोन्ही पूर्ण वेगात. आणि तिथे आम्ही काय करत होतो? झोपत होतो. सतरंजीवर ओळीने, कोणाचा पाय कोणाच्या पोटावर. पाच नंबरवाली घोरायची. टीचर म्हणायच्या, "हिला जरा कुशीवर वळवा गं, भिंतीला तडा जाईल." चार वाजता त्या टाळी वाजवायच्या, "चला मुलींनो, वर्ग सुटला."

मग हे आम्ही हिला सांगितलं का नाही? ही प्रश्नावली घेऊन रविवारी यायची, कारण रविवारी घरी सगळे भेटतात. सगळेच भेटायचे. आमचे हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. तिने विचारलं, "दुपारी घरी कोण असतं?" मी म्हणाले, "मीच. एकटी." तिच्याकडे बघत म्हणाले. आमचे हे संध्याकाळी वर येताना जिन्यातल्या मीटरवर एक नजर टाकून यायचे. "आज दिवसभर पंखा वाटतं?" एवढंच. कधी आवाज चढवला नाही, नुसतं विचारायचे. नऊ नंबरमध्ये विचारणारं कोणी नव्हतं.

चार दिवसांपूर्वी मी हिला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. मग म्हणाली, "किती जणी होतात?"

"अकरा. कोणाची बहीण आली असली तर बारा."

"आणि मला रविवारी चहा पाजत होतीस."

"हो गं."

"म्हणजे ते यंत्र बरोबर होतं. मग मी इतकी वर्षं काय शिकवलं?"

"मला काय विचारतेस? मी गणितात तुझं बघून पास झाले."

तिने फोन ठेवला. आज सभागृहाच्या दारात भेटली, एक जाड लिफाफा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "सांगणार आहेस ना?" हा हुकूम होता, विनंती होती की धमकी, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

खरं तर मला काहीच कळेनासं झालं आहे. तिचा निष्कर्ष चुकला का? आम्ही उकाड्यात बसत नव्हतो, चांगल्या गार वाऱ्यात झोपत होतो. पण मग आपापल्या घरी एकीनेही पंखा का लावला नाही? म्हणजे तिचंच खरं ना? अकरा घरांत अकरा पंखे फिरले असते तर ती समानता झाली असती, की नुसती वीज जास्त जळली असती? आम्ही काटकसरी होतो, घाबरट होतो की हुशार? चहा पिताना एक पटतं, कप विसळताना दुसरं. आणि तिच्या या विद्यार्थिनी इतकी वर्षं जी रेघ दाखवून भांडल्या, ती मी आज पुसते आहे का? तुझ्या आयुष्यभराच्या कामावर, निरोपाच्या दिवशी, मीच...

काय म्हणालीस?

ऐकलंत? ती म्हणते आहे, "मोठ्याने बोल, मागच्या रांगेपर्यंत जात नाही."

बरं बाई, मोठ्याने बोलते. मी तुला खोटं सांगितलं. यंत्र खरं सांगत होतं, तू मैत्रिणीवर विश्वास ठेवलास. तळटीप माझ्यामुळे चुकली. रेघेचं काय करायचं ते तुम्ही शिकलेल्या माणसांनी ठरवा, मला ठरवता येत नाही.

मला दिलेली दहा मिनिटं केव्हाच संपली, तरी अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, त्यांचे आभार. विभागाने मला बोलावलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, मन भरून आलं. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, समारंभाचा विरस झाला असेल, तर पोटात घाला.

आता एवढं करा. या लिफाफ्यात नऊ नंबरच्या पट्ट्या आहेत, तिने त्या फेकल्या नव्हत्या. त्या तिच्या सगळ्यात धाकट्या विद्यार्थिनीला द्या. ही अकरा जणींची यादी, पत्त्यांसकट, तीही तिलाच. माझ्यासकट सात जणी आहेत अजून. मुली, कुणाकडेही रविवारी जाऊ नकोस. मला दिलेली फुलं टीचरांच्या भाचीला द्या, ती मागे दाराशी उभी आहे. आणि तिसऱ्या रांगेत करड्या शर्टात आमचे हे बसले आहेत. त्यांना कोणीतरी पाणी द्या. त्यांना हे आजच कळतंय.