खडीच्या कामावरील फोटो

सोजरबाई कोम येडू वाघमोडे, वय अदमासे ३८ वर्षे, धंदा सूतगिरणीत रीळ खात्यात मजुरी, राहणार गिरणीची चाळ, सोलापूर. तारीख १७ फेब्रुवारी १९३१ रोजी पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. नवरा येडू मयत आहे. मला लिहिता-वाचता येत नाही.

परवा रविवारी गिरणीस सुट्टी होती. नगर वाचनालयात जुन्या वस्तू बायकांस फुकट दाखवितात असे शेजारीण सावित्रम्मा हिने सांगितल्यावरून मी दुपारी तेथे गेले. तलवारी, नाणी व मूर्ती पाहिल्या. भिंतीवर एक फोटो होता. त्यात बायका डोक्यावर खडीच्या पाट्या घेऊन उभ्या होत्या. एकीच्या कडेवर मूल होते. पाटी धरलेल्या तिच्या डाव्या हाताची दोन बोटे अर्धी होती.

माझी आई म्हाळसाबाई दुष्काळात सरकारी खडी फोडण्याच्या कामावर पटकीच्या साथीत वारली. तेव्हा मी तीन वर्षांची होते. तिचा चेहरा मला आठवत नाही. तिची दोन बोटे उसाच्या चरकात गेली होती, असे थोरला भाऊ बिरप्पा सांगत असे.

मी तेथून हलले नाही. वाचनालयाचे लायब्ररियन भीमाशंकर यांनी चौकशी केली व फोटोखालचा मजकूर वाचून दाखविला. मोहोळजवळचे काम, सन १८९७, असे होते. भाऊ मोहोळासच अंथरुणास खिळून आहे, तोच काय तो ओळखील, असे मी बोलले. वस्तू बाहेर नेण्यास परवानगी नाही असे त्यांनी सांगितले. मग चौकटीतून फोटो काढून स्वतःच्या उपरण्यात गुंडाळला व म्हणाले, "बाई, मंगळवारपर्यंत परत आणा." माझे नाव विचारले. अंगठा घेतला नाही. फोटो मी मागितला नव्हता. त्यांनी आपण होऊन दिला.

सोमवारी खाडा करून आगगाडीने मोहोळास गेले. भावास कमी दिसते. त्याने फोटो डोळ्यांशी धरला. मग म्हणाला, "हीच की आपली आय. आन् कडंवर तू हाइस." मी विचारले, "मी रडतीया का रं?" तो म्हणाला, "न्हाय. हासतीयास." एक दिवस फोटो राहू दे, असे तो म्हणाला. मी ठेवला नाही.

आज दुपारी वाचनालयात आले तो पोलीस होते. चौकट रिकामी पाहून वाचनालयाच्या कमिटीच्या एका सभासदांनी चोरीची खबर दिली होती व लायब्ररियनांस कामावरून काढावे असे ते बोलत होते. मी उपरणे सोडून फोटो फौजदारसाहेबांचे समोर ठेवला. फाटला नाही, डागही नाही. भीमाशंकर यांनी तो तपासला नाही. "ओळखलं का?" एवढेच विचारले. मी व्हय म्हणाले. सभासदांनीही तो हातात घेऊन पाहिला व आपली खबर मागे घेतो असे सांगितले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. दोष धरावयाचा तर माझ्यावर धरावा. त्या माणसाने माझ्यावर केलेले उपकार सरकारी कागदावर राहावेत, म्हणून हा जबाब देते.

सभासदांनी खबर मागे घेतल्यावर वाचनालयातच भीमाशंकर यांनी दौत-टाक घेऊन सर्वांसमक्ष फोटोखाली लिहिले व मला वाचून दाखविले: "डावीकडून तिसरी, म्हाळसाबाई. कडेवर मुलगी सोजर."

हा मजकूर मला सावकाश वाचून दाखविला. मी सांगितला तसाच आहे. खाली डाव्या हाताचा अंगठा केला आहे.