दत्तोपंतांची खोटी शिंक

...आणि वर लोक म्हणतात, फुलं आणणं म्हणजे काय मोठं काम! अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या दत्तोपंतांना जाऊन विचारा! तिकडे तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावी, सरकारी कारखान्यात तीस वर्षं बोल्ट तपासले या माणसानं, एक वाकडा निघाला तर अख्खी पेटी परत धाडायचे, आणि तोच माणूस कोयंबेडूच्या फुलबाजारात... जाऊ दे. फुलंच तर आणायची होती!

झालं काय, लेकीचं, ऊर्मीचं, लग्न ठरलं. मुलगा गिरीधर, तंजावरकडचा. घराणं मराठीच, पण त्यांची मराठी तीनशे वर्षं मुरलेली आणि दत्तोपंतांची कराडची, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे बघून नुसती हसतात! सासूबाई कामाक्षीबाई. त्यांचा एकच हट्ट, नवरीच्या वेणीला मानेपासून कमरेपर्यंत मल्ली. मल्ली म्हणजे आपला मोगरा हो! "मल्लीवांचून नवरी? अय्यो, लोक काय म्हणतील!"

आणि ऊर्मीला मोगरा सोसत नाही! साधी शिंक नव्हे, ओळीनं बावीस, मग डोळे लाल, मग नाकाचा टोमॅटो. आता हे सासूला सांगायचं कोणी? ऊर्मी म्हणते, "बाबा, तुम्ही सांगा ना." दत्तोपंत म्हणतात, "सासू तुझी, तू सांग." असं तू-तुम्ही करत दोघं सासूबाईंबरोबर बाजारात पोचलेसुद्धा!

तिथं मोगऱ्याचे डोंगर! कामाक्षीबाई एकेक गजरा पोरीच्या नाकाशी नेतायत, "पाहा तरी, काय वास!" आणि पोरगी श्वास कोंडून, गाल फुगवून मान डोलावतेय. बापाचं काळीज हो! काय सुचलं देव जाणे, दत्तोपंत स्वतःच मोठ्ठ्यानं शिंकले. खोटं! सपशेल खोटं! "आँक् छी! विहीणबाई, मला मोगऱ्याचा फार त्रास होतो."

सुटले? छे! बाई पडल्या मायाळू. तिथूनच यजमानांना, बालाजीरावांना फोन. "ऐका, संबंधींना फुलं चालत नाहीत!" संबंधी म्हणजे आपले व्याही हो! मग इकडे वळून, "चिंता करूं नका. तुम्ही लांब बसा, दाराशी, पंख्याखाली. कन्यादान काय, मुलीचे काका-काकू करतील!"

कन्यादान! अहो, आई गेल्यापासून बारा वर्षं ज्यानं लेकीच्या वेण्या घातल्या, एकट्या बापानं केलं तरी चालतं हे भटजींशी भांडभांडून कबूल करून घेतलं, तो माणूस दाराशी? पंख्याखाली? फुलंच तर आणायची होती!

"मला काही होत नाही!" दत्तोपंत ओरडले. गजरेवालीचा हात थांबला. "तिला होतं! पोरीला!"

आणि पोरीचा कोंडलेला श्वास सुटला. बावीस. मोजून.

शेवटची शिंक होईपर्यंत कामाक्षीबाई बघत उभ्या. मग हळूच, "मला भ्यालीस गं?"

ऊर्मीनं मान हलवली. म्हणजे हो.

बाईंनी हातातला गजरा टोपलीत ठेवला, पलीकडच्या गाळ्यावरून केशरी फुलांची सर उचलली. "हें कनकांबरम." ऊर्मीनं भीत भीत नाक लावलं... काही नाही! वासच नाही! दत्तोपंत चष्मा सारून बघतात तर, अहो, आपली अबोली! नाव बघा. बापलेकीला शोभणारं.

लग्न छान झालं. कमरेपर्यंत अबोली, एक शिंक नाही. कन्यादान दत्तोपंतांनीच केलं. फक्त... खरं काय ते सांगणारा दुसरा फोन बालाजीरावांना करायचा कामाक्षीबाईंकडून राहिला होता! व्याहीभेटीला सगळ्यांना ताज्या गुलाबांचे हार, आणि दत्तोपंतांसाठी बालाजीरावांनी खास मागवलेला, स्वतः धुऊनपुसून आणलेला, प्लास्टिकचा. "वास नाही, त्रास नाही, संबंधी!"

आता भर मांडवात काय बोलणार? दत्तोपंतांनी मान पुढे केली. हार घरी खुंटीला लावलाय. दोन वर्षं झाली... अजून टवटवीत आहे!