दुसरा कान

सासूबाई: बारा नंबरचा मुलगा पाचच वेळा अडखळला? अगं, मी अकरा मोजले! आणि माझे कान अजून शाबूत आहेत हं.

सून: आई, एकमेकींचे कागद बघायचे नसतात.

सासूबाई: आता दोघींचं मोजून झालंय. तूच शेजारी शेजारी मांडलेस. किती जुळलं ते सांग.

सून: एकाहत्तर टक्के.

सासूबाई: म्हणजे पास?

सून: नापास. निदान ऐंशी तरी लागतात. मुलं बोलताना किती वेळा अडखळतात ते दोघींनी वेगवेगळं ऐकून मोजायचं. जुळलं तरच माझ्या मोजणीला अर्थ. नाहीतर चार वर्षांच्या पीएचडीवर पाणी. आणि माझ्या गाईड मॅडमना पुढच्या महिन्यात प्रबंध हवाय.

सासूबाई: मग दुसरा कान म्हणून मला बसवलंस कशाला? एखादी मवाळ बाई बघायचीस.

सून: पंचवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसलेली दुसरी कुठे मिळणार होती? मॅडमनी चाचणी घेऊन पसंत केलंय तुम्हाला.

सासूबाई: ते मात्र खरं. लाव बारा नंबर. हं... ‘माझा कुत्रा’... थांब, इथे!

सून: इथे काय? तो नुसता थांबलाय.

सासूबाई: थांबलाय कसला! शब्द घशात अडकलाय त्याच्या. श्वास ऐक. ‘काळा’ म्हणायचंय, निघत नाहीये.

सून: मला वाटलं, विचार करतोय.

सासूबाई: घरच्या कुत्र्याचा रंग सांगायला कसला आलाय विचार? परत लाव.

सून: ...हो. अडकलाय.

सासूबाई: आता सतरा नंबर बघ. तिथेही माझे जास्त आहेत.

सून: तिथेही तेच आहे, आई. एकच अक्षर चार वेळा आलं की आपलं बरोब्बर जुळतं. आवाज न करता अडकलं की मला ते कळतच नाही. सगळ्या कागदांवर हेच.

सासूबाई: एवढी शिकलेली मुलगी तू, आणि हे ऐकू येऊ नये?

सून: आमच्या घरी असंच बोलतात.

सासूबाई: कोण?

सून: बाबा.

सासूबाई: अगंबाई! व्याही अडखळतात? मला इतकी वर्षं वाटतंय, मोजकं बोलणारा माणूस आहे. मला कसं कळलं नाही?

सून: तुम्ही त्यांना बोलू कुठे दिलंत! पहिल्या भेटीत त्यांचं प्रत्येक वाक्य तुम्हीच पुरं केलंत. घरी येऊन म्हणाले, बाई मनाने चांगल्या आहेत, पण त्यांची गाडी सुटायला आल्यासारखं बोलतात.

सासूबाई: आणि हे तू मला सहा वर्षांनी सांगतेस!

सून: आमच्याकडे बाबा थांबले की आम्हीही थांबायचो. आई भाजी चिरत राहायची, मी पेन्सिलीला टोक करत राहायचे. शब्द यायचा तेव्हा यायचा. त्याचा कोणी कधी उच्चारही केला नाही. चष्म्याचं दुकानसुद्धा त्यांनी म्हणूनच काढलं असावं. तिथे गिऱ्हाईकच अक्षरं वाचून दाखवतं.

सासूबाई: हसवू नकोस. आता करायचं काय?

सून: चाळीसच्या चाळीस रेकॉर्डिंग पुन्हा मोजायची. तीन महिने पुढे ढकलायचं. आणि तुम्ही आता माझे आकडे पाहिलेत, म्हणून दुसरा कान नवा शोधायचा.

सासूबाई: म्हणजे माझी नोकरी गेली!

सून: आणि माझी चूक कशामुळे झाली ते प्रबंधात लिहायचं. भीती त्याचीच वाटतेय. साठ वर्षं ज्याचं घरात कोणी नाव काढलं नाही, ते मी छापून टाकू? आधी विचारायला हवं, आणि जीभ उचलत नाही.

सासूबाई: लाव फोन. दुपारचं दुकानात कोणी नसेल. मी बसते शेजारी.

सून: ...हॅलो, बाबा? स्पीकरवर आहे हं, आईपण आहेत इथे.

बाबा: बोल, बोल. न... नमस्कार, विहीणबाई.

सासूबाई: नमस्कार.

सून: बाबा, तुम्ही बोलताना अडखळता ना... मुलांचे शब्द तसे अडकले की मला ऐकूच येत नाही. तुमच्यामुळे मला ते नेहमीचंच वाटतं. माझी मोजणी चुकलीय. हे कारण प्रबंधात लिहू? तुमचं नाव नाही घालणार. नको म्हणालात तर...

(पलीकडून बराच वेळ आवाज नाही. सासूबाई तोंड उघडतात आणि मिटतात.)

बाबा: ल... लिही.

सून: वाईट वाटलं?

बाबा: वाईट कसलं? माझं उत्तर येईपर्यंत मास्तर घ... घड्याळ बघायचे. सगळा वर्ग बघायचा. आणि माझ्या पोरीला ते ऐकूच येत नाही म्हणते. याहून... याहून चांगलं मला आजवर कोणी काही सांगितलं नाही.

सून: बाबा...

सासूबाई: मी मध्ये बोलले नाही हं, व्याही!

बाबा: ऐकलं. अ... अवघड गेलं असेल.

सून: पण आता मला ते ऐकू यायला हवं, बाबा. त्या मुलांसाठी तरी.

बाबा: मग माझ्यापासून सुरू कर. आत्ता गिऱ्हाईक नाहीये. मी बोलतो, तू म... मोज.