झग्याच्या पाठीवरचं नाव

"अक्का, उसवा ते! छातीवर पाहिजे होतं, तुम्ही पाठीवर काढलंत!" यशवंतपूरच्या माझ्या दुकानात चर्चचे अंथोनी अण्णा ओरडत होते. फादरच्या पूजेच्या झग्यावर मी येशूच्या नावाची 'आय-एच-एस' ही खूण जरीने भरली होती, तीही त्यांनीच आणून दिलेल्या जुन्या झग्यावर बघून.

"अहो, तो झगा जुन्या काळचा, तेव्हा फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करायचे. आता लोकांकडे करतात. पाठ बघतो कोण? उद्या सण आहे, अक्का!"

पंधरा दिवसांचं काम! आणि माझा टाका उसवायला लावणारा अजून जन्मायचाय.

"अण्णा, स्वल्प थांबा. वेदीच्या मागे क्रुसावर कोण आहे?"

"येशू."

"मग फादरची पाठ रोज तोच बघतो, त्याचं नाव त्याला दिसू द्या की!"