आत बाई आहे

(बाजाराच्या टोकाला बायकांचं स्वच्छतागृह. शेजारीशेजारी दोन दारं. त्यातल्या बंद दारासमोर स्टूल टाकून ताई बसली आहे. समोर तिचा धाकटा भाऊ, वॉर्डाचा नगरसेवक. मागे रस्त्यावर पाडकामाचं यंत्र घरघरतंय.)

नगरसेवक: ...आणि तेही भर बाजारात, ताई! नगरसेवकाची सख्खी बहीण संडासाच्या दारात ठाण मांडून बसलीय. लोक व्हिडिओ काढतायत.

ताई: काढू देत. या दाराकडे कुणी बघितलं तरी एकदाचं. आणि आज बरा संडास म्हणालास? काल सभेत तर 'स्वच्छतागृह, स्वच्छतागृह' चाललं होतं.

नगरसेवक: तू काल सभेला आली होतीस?

ताई: अगदी मागच्या बाकावर. मी, अंडेवाली, फुलवाली, भांडीवाली. तू मान वर केली असतीस तर दिसलो असतो. पण तू मान खाली घातलीस आणि हात वर केलास. असलं मतदान मी जन्मात पहिल्यांदा बघितलं बाबा.

नगरसेवक: ठराव बहुमतानं मंजूर झालाय. इथे पार्किंग होणार. बाजारात गिऱ्हाईक यायला हवं ना? ते गाडी घेऊन येतं. गाडी काय डोक्यावर ठेवेल?

ताई: आणि विकणारी बाई? तिनं काय पोटाला कुलूप लावून यायचं?

नगरसेवक: नवीन बांधणार आहोत की. मोठं, टाइल्सचं, आरशाबिरशाचं.

ताई: कुठे?

नगरसेवक: जागा बघतोय.

ताई: वा! अरे, माझ्या शिलाईच्या दुकानात कुणी जुन्या कोटाचं अस्तर बदलून घ्यायला आला, तर नवं अस्तर हातात आल्याशिवाय मी जुन्याला कात्री लावत नाही. तुमची नगरपरिषद आधी उसवणार आणि मग कापड शोधत हिंडणार.

नगरसेवक: हे बघ, हरकती मागवल्या होत्या. रीतसर. महिनाभर मुदत होती. एक, एक तरी हरकत यावी? नाही आली.

ताई: मागवल्या कुठे होत्या?

नगरसेवक: सूचनाफलकावर.

ताई: तो ना? जिन्याखालचा? बघून आले मी काल. समोर झाडू, फरशी पुसायच्या बादल्या. आणि फलकाच्या काचेला आतून जाळं विणलंय कोळ्यानं. आम्हाला विचारायचंच होतं तर कागद या दारावर चिकटवायचास. बाजारातली एकूण एक बाई इथे येते. शाळा न शिकलेलीनंसुद्धा शेजारणीकडून वाचून घेतला असता.

चालक: ओ साहेब! यंत्र बंद करू का चालू ठेवू? इंधन जळतंय नुसतं.

नगरसेवक: चालू ठेव! होतंय आता.

चालक: आत कोणी नाही ना? तेवढं सांगा, की मी मोकळा.

नगरसेवक: कोणी नाही.

ताई: आत बाई आहे.

नगरसेवक: आत्ता?

ताई: सकाळी झाडलोट झाल्यापासून आहे. एक निघाली की दुसरी जाते. दोन दारं आहेत, त्यातलं एक वापरायचं आणि एक राखायचं, असं ठरलंय. अंडेवाली झाली, फुलवाली झाली, आता ही तिसरी. रांग बघ की मागे, पार पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत.

नगरसेवक: म्हणजे हा कट आहे.

ताई: कट कसला रे? निसर्गनियम आहे. बाईला जावं लागतं.

नगरसेवक: ओ बाई! ऐकू येतंय का? मी नगरसेवक बोलतोय. ताबडतोब बाहेर या.

आतला आवाज: नगरसेवक असाल हो. पण हे बायकांचं आहे. दार काय वाजवताय?

नगरसेवक: अहो, सरकारी काम... थांब. हा आवाज... तू?

वहिनी: हो. मीच.

नगरसेवक: तू तर बाजारात जाते म्हणून निघालीस!

वहिनी: मग बाजारातच आहे की.

नगरसेवक: ताई, माझ्या बायकोला आत बसवलंस? माझ्याविरुद्ध?

ताई: मी कोण बसवणार? बाई आली, रांगेत उभी राहिली, नंबर आला तशी आत गेली. नगरसेवकाची बायको म्हणून तिला कुणी पुढेसुद्धा घेतलं नाही.

वहिनी: वन्संना काही बोलू नका. मला कुणी बोलावलं नाही. काल जेवताना तुम्ही म्हणालात, बांधकाम समितीचं सभापतिपद पक्कं झालं. मी विचारलं, कशाच्या बदल्यात? तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. तेव्हाच मला कळलं.

नगरसेवक: घरातलं चारचौघांत काढू नकोस.

वहिनी: चारचौघांत कुठे? मी इथे एकटी आहे. चारचौघे तुमच्या बाजूला उभे आहेत.

नगरसेवक: ताई, समजाव हिला. एका पदानं किती कामं होतात ठाऊक आहे? रस्ते, दिवे, गटारं. थोडं सोडलं की पुष्कळ पदरात पडतं.

ताई: सोडलंस ते कुणाचं? स्वतःचं सोडलं असतंस तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. आईला बघितलंस ना तू? इथेच, या रस्त्याच्या कडेला टोपल्या विकायची.

नगरसेवक: आईचं नको काढूस.

ताई: का नको? तेव्हा इथे नुसता उकिरडा होता. ती दिवसभर पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही. शेवटी दवाखान्यात डॉक्टर तिच्यावर ओरडले, बाई, पाणी का पीत नाही तुम्ही? ती नुसती लाजून हसली. जीव गेला तिचा, पण कारण तोंडातून निघालं नाही. ते मलाच माहीत होतं. तू पहिल्यांदा निवडून आलास, तेव्हा तुला सांगितलं. ताटावरून उठून गेलास. आणि त्याच साली हे उभं केलंस. ओल्या भिंतीला हात लावून रडला होतास, आठवतंय?

नगरसेवक: तेव्हा मी नवीन होतो.

ताई: तेव्हा तू माझा भाऊ होतास.

चालक: साहेब, माझ्या मालकाला नगराध्यक्षांचा फोन आला म्हणे. विचारतायत, भिंत पडली का? काय सांगू?

नगरसेवक: थांब जरा.

चालक: थांबतो. पण आत कोणी नाही, असं तुमच्या तोंडून एकदा होऊन जाऊ दे. एवढ्या लोकांसमोर. उद्या काही झालं तर ते माझ्या गळ्यात नको.

ताई: सांग की. काल हातानं सांगितलंस, आज तोंडानं सांग.

नगरसेवक: ताई...

ताई: मी काही उठणार नाही. पण तुला अडवतही नाही. बोल.

नगरसेवक: आत... आत माणूस आहे रे.

चालक: कोण माणूस?

नगरसेवक: माझी बायको.

चालक: अरे देवा! आधी नाही का सांगायचं साहेब? दांडीला हात होता माझा! हे बघा, बंद केलं. मी हा निघालो.

नगरसेवक: ने. यंत्र थेट डेपोत ने. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. ...हॅलो, अध्यक्ष? हो, मीच बोलतोय. नाही, पडली नाही. मीच परत पाठवलं. ...पोलीस कशाला? दारात बहीण आहे, आत बायको आहे, मागे अख्खा बाजार. कुणाकुणाला उचलणार तुम्ही? ...हो, कळलं. द्या ते पद दुसऱ्याला. ...नाही, रागात नाही बोलत. ठराव फेरविचाराला मी स्वतः आणणार. ...एकटा कसा? आता बाक पुरायचे नाहीत तुमच्या सभागृहात. ठेवतो.

ताई: काय म्हणाले?

नगरसेवक: म्हणाले, एका संडासापायी बुडालास.

ताई: बुडत नाहीस. पोहायला मी शिकवलंय तुला.

नगरसेवक: ढकललं होतंस विहिरीत.

ताई: मग? वर आलासच ना?

नगरसेवक: तिकीट जाईल माझं, ताई. खरंच जाईल.

ताई: जाईल कदाचित. मी खोटं कशाला बोलू? माझ्या दुकानात काजं-बटणांना माणूस लागतोच.

नगरसेवक: तू पण ना... अगं ऐकलंस का? ये आता बाहेर. यंत्र गेलं.

वहिनी: ऐकलं. यंत्र गेलं. ठराव गेला का?

नगरसेवक: तो असा लगेच कसा जाईल? पुढच्या सभेत घ्यावा लागेल.

वहिनी: मग आम्हीही आहोत पुढच्या सभेपर्यंत.

नगरसेवक: तुझा विश्वास नाही माझ्यावर?

वहिनी: तुमच्यावर बसलाय, आत्ताच. नगरपरिषदेवर बसायचाय अजून. दुपारी भांडीवाली येईल मला सोडवायला, मग घरी येते. तोवर एक काम करा. आजचा पेपर आहे का हातात? दाराखालून सरकवा.

नगरसेवक: आहे. पण... पहिल्याच पानावर माझा फोटो आहे. अध्यक्षांच्या शेजारी, हसताना.

वहिनी: असू दे. मी मागच्या पानापासून वाचते.